आर. एस. थॉमस: वेल्शसाठी भांडणारा पाद्री, आणि पोरगा मात्र इंग्लंडच्या बोर्डिंगात?

घाटमाथा:
गेले दोन महिने आर. एस. थॉमस वाचतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९१३ ला कार्डिफमधे जन्म, २००० ला गेला, आयुष्यभर चर्च इन वेल्सचा (वेल्समधलं अँग्लिकन चर्च) पाद्री, खेड्यातली पॅरिशं (एकेका पाद्र्याकडे सोपवलेला गावांचा भाग) सांभाळली आणि इंग्रजीत अशा कविता लिहिल्या की १९९६ ला नोबेलसाठी नाव सुचवलं गेलं होतं. इयागो प्रिथर्क नावाचा एक डोंगरातला शेतकरी त्याने उभा केलाय, गुरांसाठी कंद सोलणारा आणि रात्री खुर्चीत नुसता बसून राहणारा, हलतो फक्त विस्तवात थुंकायला. ती कविता वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ.

पण मग माणूस वाचायला घेतला आणि सगळा मूड गेला. हा बाबा कट्टर वेल्श राष्ट्रवादी, इंग्रज येऊन आमची खेडी गिळतायत, भाषा मरतेय म्हणून कायम पेटलेला. आणि स्वतः? कविता इंग्रजीत, बोलणं एकदम साहेबी, बायको इंग्रज, एकुलता एक मुलगा तो इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत. १९६४ ला राणीच्या नावाचं सुवर्णपदक आलं तर तेही घेतलं. आपल्याकडे मराठी शाळा वाचवा म्हणून स्टेजवर ओरडणारे आणि नातवंडं इंटरनॅशनल स्कूलला घालणारे पायलीला पन्नास भेटतात, त्यांना आपण काय म्हणतो? मग ह्याला वेगळा न्याय का? कवी मोठा असेल, माणूस ढोंगी. बोला.

खारी_बुडवा:
अजिबात पटलं नाही. तुम्ही नुसती यादी दिलीत, ती कुठल्या क्रमाने घडली तेच बघितलं नाहीत.

त्याच्या घरात वेल्श नव्हतीच हो. बाप जहाजावर, पोरगा होलीहेडला बंदरावर वाढला, शिक्षण इंग्रजीत. तिशीच्या आसपास नोकरी सांभाळून शिकवणी लावून भाषा शिकला. आणि शिकल्यावर काय केलं ते बघा. १९४२ ते ५४ मॅनाव्हॉनला, इंग्लंडच्या सीमेजवळ, तिथे शेतकरी इंग्रजीच बोलायचे. म्हणून तिथून एग्लुइस-वाखला गेला, तर तिथे निवृत्त इंग्रज साहेबमंडळी भेटली. मग १९६७ ला पार टोकाला अबरडारॉनला, जिथे लोक खरंच वेल्शमधे जगत होते. म्हणजे पंचवीस वर्षं माणूस पश्चिमेकडे सरकतोय, भाषेच्या मागे मागे. ढोंगी माणूस एवढी पायपीट कशाला करेल?

कविता वेल्शमधे का नाही, तर जमली नाही म्हणून! त्याने ते कधी लपवलं नाही. उशिरा शिकलेल्या भाषेत भांडता येतं, प्रवचन देता येतं, गद्य लिहिता येतं (आत्मचरित्र वेल्शमधेच लिहिलं, नाव 'नेब', म्हणजे 'कुणीही नाही', आणि अख्खं तृतीयपुरुषी), पण कविता आतून यावी लागते. ज्या भाषेचा राग यायचा त्याच भाषेत हात चालायचा. ह्याला तुम्ही ढोंग म्हणा, मी तरी म्हणणार नाही.

वहीचं_पान:
दोघेही पुरुषांचंच बोलताय म्हणून मधे पडते. बायको 'इंग्रज' एवढंच लिहून मोकळे झालात! एल्सी एल्ड्रिज नाव तिचं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधे शिकलेली, १९४० ला लग्न झालं तेव्हा ती नाव असलेली चित्रकार होती आणि हा साधा क्युरेट, म्हणजे मुख्य पाद्र्याच्या हाताखालचा मदतनीस. त्यानंतर ती ह्याच्या पाठोपाठ एका थंडगार पाद्रीबंगल्यातून दुसऱ्यात. तरी पन्नासच्या दशकात एका हॉस्पिटलसाठी भलंमोठं भित्तिचित्र काढलंच तिने. बाकी साहेबांचा पश्चिमेचा प्रवास चालूच. ती १९९१ ला गेल्यावर त्याने तिच्यावर लिहिलेली एक छोटीशी कविता आहे, ती वाचून मला रडू आलं हे कबूल, पण कविता चांगली झाली म्हणून हिशोब फिटत नाही ना.

मुलाचंही तेच. तत्त्वं बापाची आणि घर सोडून बोर्डिंगात राहायचं पोराने.

घाटमाथा:
@वहीचं_पान +१. तो मुलगाच पुढे सांगायचा की बाबा चर्चमधे फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही ह्यांच्याविरुद्ध प्रवचनं द्यायचे, आणि समोर बसलेल्या गरीब लोकांकडे ह्यातलं काहीच नसायचं, उलट कधी एकदा मिळतंय असं त्यांना झालेलं 😀

@खारी_बुडवा क्रमाचं मान्य. पण एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर टाळली. १९७९ पासून वेल्समधे इंग्रजांची सुट्टीची घरं जाळायचं सत्र सुरू झालं, 'मैबियॉन ग्लिनडूर' ह्या गुप्त वेल्श राष्ट्रवादी गटाच्या नावाने, दहा-बारा वर्षं चाललं. आणि एक निवृत्त पाद्री त्याचा निषेध करायला चक्क नकार देतो. देवाचा माणूस ना हा?

दुसरी_शिफ्ट:
धागा वाचत होते, लिहिणार नव्हते. मी नर्स आहे, चार वर्षं झाली उत्तर वेल्समधे. हा थॉमस मला माहीत नव्हता, वॉर्डमधल्या एका सिस्टरने सांगितला.

आमच्याकडे एक आजी होत्या, नव्वदीच्या, विस्मरणाचा आजार. पहिल्या आठवड्यात माझ्याशी इंग्रजीत व्यवस्थित बोलायच्या. मग हळूहळू इंग्रजी गळत गेलं आणि मागे फक्त वेल्श उरलं. रात्री दोन वाजता त्या काहीतरी मागतायत आणि मला कळत नाहीये, पाणी की गोधडी की लघवी. 'पॉइन' म्हणजे दुखतंय आणि 'दूर' म्हणजे पाणी, हे दोन शब्द मी हातावर पेनाने लिहून ठेवले होते. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की भाषा जाणं म्हणजे काय भाषणात सांगतात तसलं नसतं. आजी दूर दूर म्हणायच्या आणि मी मराठी कानाने ऐकून लांब सरकायचे, आता हसू येतं.

अबरडारॉनलाही गेले होते सुट्टीत. चर्च अगदी समुद्राला लागून, थडगी उतारावर, लाटांचा आवाज दारातून आत. बाहेर पडल्यावर रस्त्यावर मोठ्ठं 'अराव' लिहिलेलं, म्हणजे हळू. वळणावर तीन घरं अशी की पडदे बंद आणि किल्ल्यांची ती नंबरवाली पेटी दाराला, म्हणजे सुट्टीपुरती घरं. नोव्हेंबर होता, काळोख. जाळपोळ चूकच, त्यावर वाद नाही. पण त्या माणसाला राग कसला होता ते मला त्या पडद्यांकडे बघून समजलं.

जुनं_पंचांग:
रागाचं कौतुक पुरे. ज्यांनी काम केलं त्यांचं बोला की.

विल्यम मॉर्गन. हाही पाद्रीच, खेड्यातलाच. आधी विल्यम सॉल्सबरीने १५६७ ला नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) वेल्शमधे आणला होता पण त्याचं स्पेलिंग इतकं विचित्र की वाचताना जीभ अडकायची. मॉर्गनने आडगावच्या पॅरिशमधे बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल केलं, छपाईवर नजर ठेवायला वर्षभर लंडनला जाऊन राहिला, १५८८ ला छापून आलं. गावकऱ्यांशी भांडणं, कोर्टकज्जे, झग्याखाली पिस्तूल घेऊन चर्चमधे येतो असाही आरोप झाला होता गड्यावर! पण त्या एका पुस्तकाने वेल्शला प्रमाण गद्य मिळालं. पुढे अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स ह्या दुसऱ्या पाद्र्याने फिरत्या शाळा काढल्या, हिवाळ्यात दोन-तीन महिने एका गावात, मग मास्तर पुढच्या गावात, आणि हेच बायबल पुढ्यात ठेवून हजारो शेतकरी-मजुरांना वाचायला शिकवलं. थॉमसने शाळा सोडा, एक बालवाडी काढली का?

खारी_बुडवा:
पंचांगराव, मॉर्गनला दंडवत आहेच. पण ते भाषाप्रेमातून झालं असं नका समजू. १५६३ चा लंडनच्या पार्लमेंटचा कायदा होता, बायबल वेल्शमधे करा, आणि सोबत प्रत्येक चर्चमधे इंग्रजी प्रतही ठेवा म्हणजे लोक दोन्ही ताडून बघून इंग्रजी शिकतील! सरकारला वेल्श वाचवायचीच नव्हती, ती वाचली हा त्यांचा पोपट झाला. म्हणजे मॉर्गनच्या पाठीशी राजसत्ता होती. थॉमसच्या वेळी उलटं. १९६५ ला लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव धरणात बुडवलं, शाळा, पोस्ट, चॅपल सगळं, आणि वेल्सच्या एकाही खासदाराने त्या बिलाच्या बाजूने मत दिलं नव्हतं. तरी झालंच. १९११ च्या जनगणनेत ४३ टक्क्यांवर वेल्श बोलणारे होते, १९६१ ला २६. अशा काळात कवीने बालवाडी काढायची?

शिवाय पोटासाठी इंग्रजांच्या दारात जाणारा थॉमस पहिला नव्हे. गोरोन्वी ओवेन बघा, अठराव्या शतकातला पाद्री, जुन्या छंदांचा बादशहा. वेल्समधे कायमची पॅरिश कुणी दिलीच नाही, इंग्लंडात ठिकठिकाणी क्युरेटगिरी केली, शेवटी १७५७ ला व्हर्जिनियाला निघाला, बायको बोटीवरच वारली. अँगलसी ह्या आपल्या वेल्श बेटाची आठवण काढत कविता लिहिल्या त्या परमुलखात बसून.

जुनं_पंचांग:
हो पण तो वेल्शमधे लिहित होता ना राव! तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं 😄

घाटमाथा:
हाहा. हे भारी होतं.

@दुसरी_शिफ्ट तुमच्या प्रतिसादाने मात्र माझी जरा पंचाईत केलीये. 'ढोंगी' शब्द मागे घेतो. जाळपोळीचं मागे घेत नाही. आणि वहीचं_पान म्हणतात तेही तसंच आहे, एल्सीचं भित्तिचित्र शोधून बघितलं आत्ता, तासभर गेला.

वहीचं_पान:
बघितलंत ना? आता तिच्यावर वेगळा धागा काढा. शीर्षकात नवऱ्याचं नाव नको.

खारी_बुडवा:
माझा मुलगा सेमी-इंग्लिशला आहे. सांगून टाकतो, उगाच कुणी नंतर शोधून काढायला नको.

दुसरी_शिफ्ट:
त्या आजी गेल्या मार्चमधे गेल्या. हातावर लिहायची सवय गेली नाही अजून, आता नवीन शब्द 'ओइर' चाललाय, थंडी वाजतेय. चला, ड्युटीची वेळ झाली.