धर्मसुधारणेच्या गेममध्ये पंथ बदलायचं बटण राजाच्या हातात असावं का?

धागाकर्ता:
आम्ही तिघं मित्र १५१७ ते १६४८ मधल्या जर्मनीवर, म्हणजे ख्रिस्ती चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं दुभंगलं त्या धर्मसुधारणेच्या काळावर, स्ट्रॅटेजी गेम बनवतोय. तेव्हा तिथे एका सम्राटाखाली अनेक राजे होते. गाडं एका जागी अडलंय: पंथ बदलणार कोण? बऱ्याच गेम्समध्ये राजा बटण दाबतो आणि राज्य प्रोटेस्टंट होतं. युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ मध्ये निदान सुधारणेची केंद्रं आहेत. त्यांच्यापासून आजूबाजूचे प्रांत बदलत जातात. पण ते मला साथीसारखं वाटतं, लोक का बदलले ते कळतच नाही.

माझं मत, राजाला बटण देऊच नये. न्यूरेंबर्गमध्ये १५२५ साली निर्णय नगरपरिषदेनं घेतला. छापखाना, विद्यापीठ आणि लोकांच्या भाषेत बोलणारा धर्मोपदेशक जिथे असेल तिथे दबाव वाढावा. राजानं एवढंच ठरवावं: चिरडायचं, चालू द्यायचं, की पाठीशी उभं राहायचं.

प्रतिसाद १:
साफ असहमत. बोहेमियाचा (आजचा चेक प्रदेश) सुधारक धर्मोपदेशक यान हुस याच्याकडे राजा सिगिसमुंडचं अभयपत्र होतं, तरी १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला त्याला जाळलं. जर्मनीत सुधारणा सुरू करणारा ल्यूथर वाचला, कारण १५२१ मध्ये सम्राटासमोरच्या वर्म्सच्या सभेनंतर सॅक्सनीच्या फ्रेडरिकनं त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. विचार तेवढाच धारदार, फरक पाठीराख्याचा. इंग्लंडमध्ये तर १५३४ साली आठव्या हेन्रीनं कायदाच केला. बटण द्या, पण महाग करा: मठांच्या जमिनी खजिन्यात येतील, बदल्यात उठाव आणि सम्राटाचा रोष. राजाच्या खुर्चीत बसवून खेळाडूला नुसता प्रेक्षक करू नका.

धागाकर्ता:
हुसला जाळल्यावर बोहेमिया गप्प बसला का? १४१९ पासून पंधरा वर्षं लढला! आणि ब्रांडेनबुर्ग बघा. १६१३ मध्ये तिथला शासक योहान सिगिसमुंड कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंटांमधलाच वेगळा पंथ) झाला, प्रजा ल्यूथरपंथीच राहिली, आणि शेवटी तिला तसं राहू द्यावं लागलं. तुमचं बटण त्यानं दाबलं होतं.

प्रतिसाद २:
दोघंही सम्राटाला विसरताय. १५२६ मध्ये साम्राज्याच्या स्पायरच्या सभेनं पंथाचा निर्णय राजेरजवाड्यांवर सोडला, कारण सम्राट पाचवा चार्ल्स इतर लढायांत गुंतला होता. १५२९ मध्ये ती सवलत काढून घेतली, तिच्या निषेधातूनच 'प्रोटेस्टंट' हे नाव आलं. त्याच वर्षी तुर्क व्हिएन्नाच्या वेशीवर होते. 'सम्राटाची सवड' हाच खरा आकडा ठेवा.

आणि प्रांतामागे एकच पंथ नको. १५२५ मध्ये मेमिंगेनच्या बारा कलमांत उठाव केलेल्या शेतकऱ्यांनी धर्मगुरू निवडायचा हक्क मागितला, सोबत वेठबिगारीतून सुटकाही. ल्यूथर त्यांच्यावरच उलटला. शेतकरी आणि राजा एकाच शुभवर्तमानातून वेगळं काही वाचत होते, ते गेममध्ये दिसायलाच हवं.

प्रतिसाद १:
सवडीची कल्पना आवडली. ब्रांडेनबुर्ग मात्र माझ्या बाजूनं मोजा. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहानं पंथ ठरवायचा हक्क राजाला दिलाच होता. योहान सिगिसमुंडनं तो वापरला नाही, म्हणजे हक्क नव्हता असं नाही.

धागाकर्ता:
हे पटलं, पण अर्धंच. मग असं करू: सुरुवातीला बटण नाही. सम्राट थकला आणि दोन्ही बाजू लढून दमल्या की तहाचा पर्याय उघडेल, आणि त्या तहातून बटण मिळेल. तारीख ठरलेली नसेल; १५४० लाही होईल, कधी होणारही नाही. कॅल्व्हिनपंथी त्या तहाबाहेर राहतील, जसे खरोखर राहिले. तहाआधी बटण द्यायला मी अजूनही तयार नाही.