सकाळी टाकी भरलेली, फिरवून आणली की रिकामी. तेल जातं कुठे?

म्हार्दोळकर:
आजोबांची सिट्रोएन डीएस १९ आहे, पोर्तुगीज अमदानीतली. ते गेल्यावर बारा वर्षं शेडमध्ये उंदरांच्या ताब्यात होती. दिवाळीपासून मी तिच्या नादाला लागलोय (आईचं मत विचारू नका). चालते झकास, बसल्या म्हशीसारखी अंग सावरत उठते. पण सस्पेन्शनच्या तेलाचं (ज्याच्या दाबावर गाडी वर उचलली जाते) कोडं सुटत नाही. सकाळी बॉनेट उघडलं की तेल वरच्या खुणेला टेकलेलं. फोंड्याला बाजार करून आलो की खालच्या खुणेच्याही खाली. घाबरून दोनदा पाव-पाव लिटर ओतलं, तर दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणावरून ओघळ! खाली पुठ्ठा घातला होता, त्यावर मात्र थेंब नाही.

जुना पाना, वास्को:
बाबा, तेल गाडीच्या पायांत जातं. रात्री गाडी बसते तेव्हा सिलिंडरांतलं तेल टाकीत परत येतं, म्हणून सकाळची पातळी खोटी. इंजिन चालू ठेव, उंचीचा दांडा सगळ्यात वर कर, गाडी पुरती उठली की बघ. ते खरं माप. त्या वेळी गाडीखाली शिरू नकोस, घोड्या लावल्याशिवाय तर मुळीच नको. आणि ओतलंस काय, लाल की हिरवं?

म्हार्दोळकर:
लालच. ते संपत आलंय, म्हणून लिस्बनच्या आतेभावाकडून हिरव्या तेलाचे, एलएचएमचे, दोन डबे मागवलेत.

जुना पाना, वास्को:
ते डबे उघडूसुद्धा नकोस! हिरवं खनिज तेल १९६६ मध्ये आलं. तुझ्या गाडीचे रबरी सील लाल तेलाचे, हिरव्यात त्यांची वाट लागते. ब्रेकही ह्याच तेलावर, विसरू नकोस. मधल्या काळात कुणी सगळी यंत्रणा बदलली असेल तर गोष्ट वेगळी. यंत्रणेचे भाग काळे आहेत की हिरवे रंगवलेले, ते बघ. काळे म्हणजे लाल तेलाचे.

दिवाडची सून:
काळे निघाले तर आणखी एक. लाल तेल हवेतली ओल ओढतं. आपल्या पावसात बारा वर्षं उभी गाडी म्हणजे आतून गंज धरलेला असणार. नुसती भर घालू नका, सगळं काढून नवं लाल भरा. सिलिंडरांवरचे रबरी बूटही (आवरणं) दाबून बघा. गळती पुष्कळदा तिथेच साठते, जमिनीवर येतच नाही.

म्हार्दोळकर:
सगळं काळं आहे. दांडा वर करून बघितलं, तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर. म्हणजे मीच जास्त ओतलं होतं! सिरिंजने काढलं, चहासारखं तपकिरी आलं. पुढचा डावा बूट मात्र पिशवीसारखा लोंबतोय. आणि गाडी उभी असताना इंजिनातून दर चार सेकंदांनी 'टक्' येतं, ते काय?

जुना पाना, वास्को:
तो प्रेशर रेग्युलेटर, तेलाचा दाब राखणारा. चार सेकंद फार कमी, अ‍ॅक्युम्युलेटरच्या दाब साठवणाऱ्या गोळ्यातला नायट्रोजन गेला असणार. बूट आधी उघड, खाली डबा धर. गोळ्याचं नंतर बघू.