दत्तक घेऊन परदेशी नेलेली मुलं आणि घरची शाळा: जाऊबाईंचं काय चुकतंय?

रामबागची काकू (इंदूर):
माझे धाकटे दीर आणि जाऊ टेक्सासात असतात. त्यांची स्वतःची मुलगी बारा वर्षांची. गेल्या वर्षी त्यांनी केंद्र सरकारच्या कारा या संस्थेमार्फत ओडिशातली सख्खी भावंडं दत्तक घेतली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. एवढ्या मोठ्या आणि त्यातही जोडीनं असलेल्या मुलांसाठी देशात फारसं कुणी पुढे येत नाही, म्हणून अशी मुलं पुष्कळदा बाहेरच्या पालकांकडे जातात.

सध्या सगळी सुट्टीला इंदूरला आली आहेत, आणि घरात वाद पेटलाय. जाऊनं दोघांना शाळेत घातलेलंच नाही. घरीच शिकवते. मोठीलाही शाळेतून काढलं. सासूबाईंपासून शेजारच्या वहिनींपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘मुलांना डांबून ठेवलंय.’

मला जाऊचं पटतं. आठ वर्षांची धाकटी इंदूरला आली त्याच दिवशी आमच्याकडे आलेल्या प्रत्येक बाईच्या मांडीवर जाऊन बसली. सगळ्या म्हणाल्या, किती माणसाळलेली पोर! जाऊचा चेहरा मात्र उतरला. अनाथ मुलांच्या संस्थेत काळजी घेणाऱ्या मावशा पाळीपाळीनं बदलतात, तेव्हा जी समोर येईल तिला खूश ठेवायचं, हे ती पोर शिकलेली आहे. पडली, खरचटलं, तरी आईकडे धावत नाही. जी जवळ असेल तिच्याकडे जाते. सकाळी पोह्यांची बशी हातात घेते आणि शेव आधी मुठीत लपवते. उशीखाली पोळीचे तुकडे सापडतात. म्हणून जाऊनं घरात सांगून ठेवलंय, खायला मी किंवा तिचे बाबा देऊ, रडली तर आम्ही उचलू. सासूबाईंना लागलं. पण ‘ही माझी आई’ हे ज्या मुलीला अजून पक्कं कळलेलं नाही, तिला रोज सहा-सात तास आणखी नव्या बायांच्या हवाली करायचं का? अभ्यास मागे पडला तर भरून काढता येतो. पहिली दोन वर्षं तरी घर हीच तिची शाळा असावी, असं मला मनापासून वाटतं.

निवृत्त बाई (विजयनगर):
काकू, पोटतिडीक पोचली, पण मला हे मान्य नाही. मी आयुष्यभर प्राथमिकला शिकवलं. भाषा न येणारी मुलं वर्गात येऊन बसली की मधल्या सुट्टीत शिकतात, माझ्या फळ्यावरून नाही. आणि अमेरिकेतल्या सरकारी शाळेत इंग्रजी नवी असलेल्या मुलांना त्यासाठी वेगळी मदत फुकट मिळते. ती सोडून सगळं एकट्या आईच्या डोक्यावर का?

दुसरं, टेक्सासात घरशाळेला खासगी शाळेसारखं धरतात. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र शिकवा म्हणतात, पण परीक्षा नाही, तपासणी नाही. न्यूयॉर्क राज्यात निदान दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. घर चांगलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर त्या मुलांकडे कोण बघणार? शाळेतली बाई मुलाचा उतरलेला चेहरा बघते, दंडावरचा वळ बघते. परक्या देशात भाषा न येणाऱ्या मुलांना हे डोळे सगळ्यात जास्त हवेत.

रामबागची काकू:
बाई, बघणारं कुणीच नाही असं नाही. काराच्या नियमाप्रमाणे तिकडच्या दत्तकाचं काम बघणाऱ्या संस्थेला दोन वर्षं अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. त्यांची माणसं घरी येऊन मुलांशी बोलून जातात.

निवृत्त बाई:
आणि तिसऱ्या वर्षी?

एक बाबा (सुदामानगर):
आमची मुलगी चार वर्षांची असताना कारातूनच घरी आली, इथे इंदुरातच. म्हणून बोलतो. काकूंनी सांगितलेलं कुणाच्याही मांडीवर बसणं आम्ही जसंच्या तसं बघितलंय. रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांवर बुखारेस्टमध्ये २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं पुष्कळ जास्त सावरली, असं त्यात दिसलं. आठ वर्षांच्या मुलीची ती वेळ केव्हाच निघून गेलेली असते. तिला जवळीक नव्यानं, जाणूनबुजून शिकवावी लागते, आणि ती घरातच शिकवता येते. बायकोनं नोकरीतून रजा घेतली. घरात रुळल्यावर मुलीला बालवाडीत घातलं, तेही आधी तासाभरासाठीच.

पण बारा वर्षांच्या मोठीला शाळेतून का काढलं? हे मला अजिबात पटलेलं नाही. तिच्या घरात एकदम दोन भावंडं आली, आईबाप वाटले गेले. तिच्या मैत्रिणी हीच तिची स्वतःची जागा होती. तीही गेली.

ग्वाल्हेरचा पाहुणा:
शाळा घरी असो की बाहेर, त्या मुलांच्या ओडियाचं काय? कोरियातून लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्यांवर २००३ साली अभ्यास झाला. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्यं ओळखतासुद्धा आली नाहीत. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, म्हणजे ही दोघंही तिकडेच चालली आहेत. घरी शिकवण्याचा एक मोठा फायदा आहे, वेळ आपल्या हातात असतो. मग त्यातला रोज अर्धा तास ओडियाला द्या. ऑनलाइन शिकवणारे मिळतात. भावंडं आपापसांत ओडिया बोलत असतील तर ‘इंग्लिश बोला’ म्हणून त्यांना मुळीच टोकू नका.

मी स्वतः दत्तक (वडोदरा):
माझा सूर थोडा वेगळा आहे. मला आईबाबांनी खूप जपलं, इतकं की बाहेरचं जग उशिरा भेटलं. ‘तुझे खरे आईवडील कोण?’ हा प्रश्न कधी ना कधी कुणीतरी विचारतंच. तो आठव्या वर्षी मधल्या सुट्टीत विचारला गेला आणि संध्याकाळी आईजवळ रडता आलं, तर निभावतं. मला कॉलेजात विचारला गेला, तेव्हा मी होस्टेलवर होते. ही मुलं तर रंगानं, नावानं तिकडे वेगळी दिसणार. त्यांना त्यांच्यासारखी दिसणारी, त्यांच्यासारखी दत्तक आलेली मुलं नियमानं भेटायला हवीत. आईचा पदर कितीही मोठा असला तरी ती माणसं त्यात मावत नाहीत.

सहज विचारतो (इंदूर):
आपल्याकडे हे चालतं का? सहा ते चौदा शाळा सक्तीची ना?

एक बाबा (सुदामानगर):
शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात सरकारवर आणि शाळांवर बंधनं आहेत, घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकणारी पुष्कळ मुलं पुढे एनआयओएस या केंद्र सरकारच्या मुक्त शाळेतून दहावी देतात. त्याच कायद्यात मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवायचं, असंही आहे. म्हणजे आठ वर्षांची मुलगी पहिलीत बसवायची गरज नाही.

रामबागची काकू:
मोठीबद्दल सुदामानगरच्या बाबांनी लिहिलं ते मी जाऊला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग मोठीलाच हाक मारली आणि विचारलं. पोर म्हणाली, मला परत जायचंय, पण तुला एकटीला जमेल का? ऑगस्टमध्ये तिकडे शाळा उघडते तेव्हा ती जाणार, एवढं ठरलंय. धाकट्यांना मात्र इतक्यात नाही. त्या बाबतीत मी अजूनही जाऊच्याच बाजूची.

निवृत्त बाई:
मोठीचं ऐकून फार बरं वाटलं. धाकट्यांबद्दल माझं मत कायम आहे. निदान जवळच्या शाळेत जाऊन इंग्रजीच्या मदतीची चौकशी करायला सांगा, आणि पाच वर्षांच्याला आठवड्यातून दोन दिवस मैदानावर पाठवायला सांगा. त्याला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.