रेणूपेक्षा जड शिखर आलं कुठून?

प्रश्न: फिनाइलमर्क्युरिक क्लोराईडचा (पाऱ्याचं संयुग) ७० ईव्हीवर, म्हणजे त्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करून, मास स्पेक्ट्रम (रेणू व त्याच्या तुकड्यांच्या वस्तुमानांचा आलेख) घेतला. ३१४ दिसलं, ते रेणूचंच वस्तुमान, ठीक. पण ३५६ही आहे! नमुना शुद्ध आहे, टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करणारी चाचणी) एकच ठिपका. दोन दिवस डोकं खाजवतोय.

उत्तर १: पारा २०२ + दोन फिनाइल गट ७७ + ७७ = ३५६, म्हणजे डायफिनाइलमर्क्युरी. तापलेल्या सोर्सच्या (यंत्रात रेणूंचे आयन होतात तो कप्पा) भिंतीवर दोन रेणूंनी गट बदलले असणार. जोडीला २७२, म्हणजे मर्क्युरिक क्लोराईड, दिसतंय का? पाऱ्याच्या समस्थानिकांचा (वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचा) शिखरांचा नमुनाही ताडून बघा, २०२चं शिखर सगळ्यात उंच हवं.

उत्तर २: तापमान उतरवून परत घ्या. ३५६ खाली आलं तर दोष यंत्रातला. आधी कुणी आयोडाईड चालवलं होतं का? मग ४०६, म्हणजे फिनाइलमर्क्युरिक आयोडाईड, शोधा.

प्रश्नकर्ता: २७२ आहे. ४०६सुद्धा, बारीकसं! गेल्या आठवड्यातलं आयोडाईड माझंच. सोर्स धुतो, पण पाऱ्याची ही संयुगं विषारी, तेव्हा लेटेक्सच्या हातमोज्यांवर मात्र विसंबणार नाही.