मदत हवी आहे: यूएसएसडी मेन्यूची दुसरी स्क्रीन फोनवर येतच नाही

उत्तरायण
साध्या बटणांच्या फोनवरून दवाखान्यात नंबर लावता यावा म्हणून यूएसएसडी मेन्यू (स्टार-हॅशचा कोड डायल केला की इंटरनेटशिवाय फोनवर उघडतो तो) केला आहे. सिम्युलेटरवर सगळं व्यवस्थित चालतं. खऱ्या फोनवर पहिली स्क्रीन येते. पर्याय निवडला की स्मार्टफोनवर 'कनेक्शन प्रॉब्लेम किंवा इनव्हॅलिड एमएमआय कोड' असं येतं, साध्या फोनवर तर तेही नाही, मेन्यू गायबच होतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही एरर नाही. सोमवारी सेवा सुरू करायची आहे, रुग्णांना तसं कळवूनही झालंय. कोणाला हे आलंय का? कृपया लवकर सांगा.

जुनाजाणता
टाइमआउट. डोळे झाकून सांगतो. यूएसएसडी म्हणजे एसएमएस नव्हे, आत्ता पोचला नाही तर मागाहून पोचेल असा. सेशन, म्हणजे डायल केल्यापासून मेन्यू बंद होईपर्यंतची जोडणी, उघडं आहे तोवरच उत्तर गेलं पाहिजे आणि गेटवे (ऑपरेटरचं नेटवर्क तुमच्या सर्व्हरशी जोडणारी यंत्रणा) तुमच्या सर्व्हरसाठी मोजके सेकंदच थांबतो. आमची दुसरी स्क्रीन डेटाबेसमधून यादी आणायची, तिथेच अडायचं. यादी मेमरीत ठेवली, प्रश्न मिटला. तुम्हीही तेच करा.

बिनतारी
औषध देण्याआधी माहिती तर घेऊ. ऑपरेटरशी थेट जोडणी आहे की मधल्या कंपनीमार्फत, म्हणजे अ‍ॅग्रिगेटरमार्फत? उत्तर किती वेळात जातं? सेशन चालू ठेवायचं की संपवायचं हे गेटवेला कसं कळवता? एकाच कंपनीच्या सिमवर होतं की सगळ्या?

ध्वनी
मुळात मेन्यू कशाला? आयव्हीआर करा, म्हणजे फोनवर पर्याय आवाजात ऐकायचे आणि बटण दाबून निवडायचे. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांची नजर अधू आहे, त्यांना इवल्याशा स्क्रीनवरच्या यादीचा काय उपयोग? रुग्णाने मिस्ड कॉल द्यायचा, सिस्टिम उलट फोन करते, त्यालाही खर्च नाही. दवाखान्यात येणाऱ्यांत म्हातारी माणसं किती असतात याचा विचार केलाय का?

उत्तरायण
@ध्वनी, आयव्हीआर नंतर बघू, आत्ता हे चालू होणं महत्त्वाचं आहे.
@बिनतारी, अ‍ॅग्रिगेटरमार्फत. उत्तर एका सेकंदाच्या आत जातं. सेशन चालू ठेवायचं तर उत्तराच्या सुरुवातीला 'कॉन', संपवायचं तर 'एंड', त्यांनी सांगितलंय तसंच. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम लावून पाहिली, दोन्हीकडे तेच.

जुनाजाणता
एक सेकंद हा तुमच्या लॉगमधला. पुढे अ‍ॅग्रिगेटर, ऑपरेटरचा गेटवे, मग फोन. तो वेळ कुठे मोजलात? मी टाइमआउटवर ठाम आहे.

बिनतारी
पहिली स्क्रीनही त्याच वाटेने येते ना? ती बरी पोचते. उत्तरायण, दोन्ही स्क्रीनचा मजकूर जसाच्या तसा इथे चिकटवा.

पायवाट
शॉर्टकोड, म्हणजे डायल करायचा छोटा क्रमांक, स्वतंत्र घ्यायला वेळ लागतो. आधी अ‍ॅग्रिगेटरचा सामायिक कोड घ्या, त्यात मधल्या स्टारनंतर तुमचा आकडा असतो. मात्र प्रत्येक ऑपरेटरकडे तो वेगळा सुरू करून घ्यावा लागतो. एकाकडे चालला म्हणजे सगळीकडे चालेल असं धरू नका.

उत्तरायण
@पायवाट, कोड आहे आमच्याकडे, पहिली स्क्रीन येतेय म्हटलं ना.
पहिली स्क्रीन भाषा निवडायची, रोमन लिपीत. तिथे इंग्रजी निवडलं तर शेवटपर्यंत सगळं येतं. मराठीलाच अडतं. दुसरी ही:

विभाग निवडा
१. बालरोग
२. स्त्रीरोग व प्रसूती
३. अस्थिरोग
४. नेत्ररोग
५. कान-नाक-घसा
६. त्वचारोग
०. मागे

जेमतेम आठ ओळी आहेत, फार मोठं नाहीये.

बिनतारी
इंग्रजी चालतं आणि मराठी अडतं, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

यूएसएसडीच्या एका निरोपात १६० बाइट मावतात. रोमन अक्षरं जीएसएमच्या सात बिटांच्या संचात बसतात, म्हणून त्याच जागेत १८२ जातात. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्खा निरोप यूसीएस-२ या संकेतपद्धतीत जातो. मग प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणजे जास्तीत जास्त ८० चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'स्त्री' तुम्हाला एक अक्षर दिसतं, पण स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी अशी सहा चिन्हं होतात. ओळ बदलली तरी एक चिन्ह.

तुमची स्क्रीन मी मोजली: १०३ चिन्हं, २०६ बाइट. काही गेटवे जादा मजकूर कापतात, काही निरोपच टाकून देतात. सिम्युलेटर बहुधा ही मर्यादा तपासतच नाही.

दोन स्क्रीन करा. 'व प्रसूती' काढा, आकड्यांपुढचे टिंब काढा, मथळा नुसता 'विभाग:' ठेवा, पहिले चार विभाग आणि '९ पुढे'. ५६ चिन्हं होतात. ८० पर्यंत ताणू नका, ७० च्या आत राहा. आणि मेन्यूतले आकडे किपॅडवर छापलेले असतात तेच वापरा. स्क्रीनवरचा आकडा बटणावर शोधूनही सापडत नाही, असं व्हायला नको.

जुनाजाणता
बाइटचं पटलं. तरी यादी मेमरीत ठेवाच. गर्दीच्या वेळी डेटाबेस रेंगाळला की पुन्हा हाच धागा काढाल.

ध्वनी
एवढी कसरत करण्यापेक्षा आवाजात पूर्ण वाक्य बोलता येतं. शिवाय टूजी बंद होत चाललंय, यूएसएसडी किती दिवस टिकणार?

बिनतारी
अवांतर आहे, पण हा गैरसमज नको. फोरजीवरून यूएसएसडी करताना फोन तेवढ्यापुरता जुन्या नेटवर्कवर उतरतो, किंवा ऑपरेटरने सोय केली असेल तर आयएमएसवरून, म्हणजे फोरजीच्या इंटरनेट-आधारित यंत्रणेवरून, तेच काम होतं. रेडिओ बदलला म्हणून सेवा आपोआप मरत नाही. आणि दवाखान्याच्या रांगेत, गोंगाटात आयव्हीआर ऐकून बघा. दोन्ही असावेत हे मलाही मान्य आहे.

ध्वनी
दोन्ही असावेत एवढंच म्हणायचं होतं. ज्याला वाचता येत नाही त्याचा नंबर मागे पडू नये.

उत्तरायण
आली! दोन्ही सिमवर आली. बिनतारी, मनापासून आभार.
आता दोन अडचणी. एका जुन्या हँडसेटवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. असा हँडसेट आधीच ओळखता येतो का? आणि चाचणीत एकाच रुग्णाचा नंबर दोनदा लागला.

बिनतारी
हँडसेट ओळखता येणार नाही. तुमच्यापर्यंत सेशनचा क्रमांक, मोबाइल नंबर आणि दाबलेली बटणं एवढंच येतं, मॉडेल येत नाही. भाषेच्या स्क्रीनवर रोमन लिपीतली मराठी हा तिसरा पर्याय द्या आणि एकदा निवडलेली भाषा त्या मोबाइल नंबरपाशी जपून ठेवा.

दोनदा नंबर लागणं जास्त गंभीर आहे. उत्तर उशिरा पोचलं तर गेटवे तीच विनंती पुन्हा पाठवू शकतो. सेशनचा क्रमांक आणि मेन्यूची पायरी ही जोडी आधी येऊन गेली असेल तर नवी नोंद करू नका, आधीचंच उत्तर परत द्या. मध्येच फोन आला किंवा रेंज गेली तरी सेशन तुटतं, मग माणूस नंबर लागला नाही असं समजून पुन्हा डायल करतो. तेव्हा एका रुग्णाला एका दिवशी एका विभागात एकच नंबर, ही अट थेट डेटाबेसमध्ये घाला. आणि नंबर लागला की एसएमएस पाठवा. शेवटची स्क्रीन पुसली जाते, एसएमएस दाखवून रुग्ण खिडकीवर उभा राहू शकतो.

उत्तरायण
अट आज रात्रीच घालतो. रोमन मराठीचा मजकूर इथे टाकू का, कोणी वाचून बघेल? 'प्रसूती' रोमनमध्ये वाचताना माणसं अडखळतील असं वाटतंय.

ध्वनी
टाका. माझ्या आईला वाचायला देते, ती साधाच फोन वापरते.