चित्र फिकं दिसतंय? कार्ड घेण्याआधी हे बघा

जुळे सोलापूरच्या मित्राने विचारलंय की टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला दाखवणारा) सिनेमा लावला की चित्र राखाडी आणि मरगळलेलं दिसतं. त्यावर त्याला कुणीतरी नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचा सल्ला दिलाय. इतक्यात पैसे घालवू नका, ही कळकळीची विनंती.

राखाडी दिसण्याचं नेहमीचं कारण असं, की एचडीआर१० (एचडीआरचा नेहमीचा प्रकार) मधली उजेडाची पातळी पीक्यू वक्राने, म्हणजे एचडीआरच्या खास मोजपट्टीने साठवलेली असते आणि टीव्ही ती साध्या गॅमाने, म्हणजे नेहमीच्या चित्राच्या मोजपट्टीने वाचतो. म्हणजे हे चित्र एचडीआर आहे हा संदेश टीव्हीपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वाढीव सिग्नलची सेटिंग वेगळी असते आणि ती बंद असते. पहिल्यांदा ती चालू करा, मग विंडोजच्या डिस्प्लेमध्ये एचडीआर.

दुसरी अडचण बँडविड्थची, म्हणजे केबलमधून किती माहिती जाऊ शकते याची. एचडीएमआय २.० ची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट. ४के, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं), आरजीबी (पूर्ण रंग) ठेवलं तर त्यात प्रत्येक रंगाचे ८ बिटच मावतात, एचडीआर१० ला मात्र १० लागतात. सिनेमा मुळात सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणून कोडीमध्ये (सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर) रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलू द्या; २४ हर्ट्झला १० बिट आरामात जातात. हालचालही जास्त नितळ दिसते, मला तर हाच मोठा फायदा वाटतो.

प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर १०-बिट एचईव्हीसी (४के सिनेमांचा व्हिडिओ प्रकार) त्याच्याच हार्डवेअरवर चालतं, वेगळं कार्ड लागत नाही. मदरबोर्डवरचं पोर्ट जुनं एचडीएमआय १.४ निघालं, तरच कार्डाचा विचार करा.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी बघणार असाल तर खिडकीवर जाड सोलापुरी चादर लावाच. उजेडाच्या खोलीत सावल्यांमधला तपशील दिसतच नाही.