लो-पास फिल्टर नसलेला कॅमेरा लग्नात न्यावा का?

भिंगरी: परवा एका लग्नाचे फोटो उघडले, तर नवरदेवाच्या बारीक विणीच्या करड्या कोटावर हिरवे-जांभळे पट्टे! कॅमेरा नवा, लो-पास फिल्टर (सेन्सरसमोरचा, बारकावा किंचित पसरवणारा थर) नसलेला. सेन्सरवर रंगांची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ च्या पेटंटातली. चारांतले दोन पिक्सेल हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले रंग अंदाजाने भरायचे. कापडाची वीण त्या जाळीइतकी बारीक झाली की अंदाज फसतो आणि कापडात नसलेली रंगीत नक्षी उमटते, तिलाच मॉयरे म्हणतात. फिल्टर तो बारकावा आधीच किंचित पसरवतो. लग्नं करणाऱ्यानं फिल्टरवालाच घ्यावा, असं माझं ठाम मत.

काजवा: साफ अमान्य. निकॉननं २०१२ मध्ये डी८०० आणि डी८००ई शेजारी शेजारी विकले, दोन्ही ३६ मेगापिक्सेल. ई मध्ये फिल्टरचा परिणाम रद्द केलेला, तरी तोच महाग! २०१४ च्या डी८१० मध्ये फिल्टर उरलाच नाही. एका कोटासाठी अख्खा अल्बम मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, का करायचा?

भिंगरी: मऊपणा शार्पनिंगनं (फोटोतल्या कडा नंतर ठळक करून) बराचसा भरून निघतो. मॉयरे नाही. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरचा ब्रश रंग पुसतो, पण उजेड-सावलीचे पट्टे तसेच राहतात. वर कापडाचा खरा रंगही फिका पडतो.

नवशिक्या: माझ्या फोटोत आभाळासमोरच्या फांद्यांना जांभळी कड येते. फिल्टरनं जाईल?

काजवा: नाही हो, तो बहुतेक लेन्सचा दोष. वेगवेगळे रंग एकाच जागी फोकस होत नाहीत. एफ/१.८ वरून एफ/४ वर जा, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करा, बरीच कमी होईल. फोटोच्या कोपऱ्यांतच लाल-हिरवी कड दिसत असेल तर मात्र छिद्र लहान करून उपयोग नाही. ती सॉफ्टवेअरमध्ये सहज निघते.

आणि भिंगरीताई, मॉयरेवर साधा उपाय: दोन पावलं पुढे-मागे व्हा, नाहीतर एफ/१६ लावा. लहान छिद्रातून जाताना प्रकाश किंचित पसरतो, हे डिफ्रॅक्शन फुकटात फिल्टरचं काम करतं. पेंटॅक्सच्या के-३ मध्ये (२०१३) तर फोटो निघताना सेन्सरच सूक्ष्म हलवून फिल्टरचा परिणाम हवा तेव्हा लावता येतो.

भिंगरी: के-३ ची कल्पना झकास, हे मान्य. पण कार्यालयातल्या अंधारात एफ/१६? आणि सप्तपदीला दोन पावलं पुढे गेले की मध्ये भटजी, मागे गेले की मामा!